आई का गेली ते कळलं, पण ती परत का आली नाही?

पत्र

सप्रेम नमस्कार. मी कर्वेनगरला राहते आणि पहिली कादंबरी लिहिते आहे. खर्डा तीनशे पानांचा झाला आहे. नायिका रेवती ही नारायण पेठेतल्या एका वाड्यात वाढलेली. १९९६ च्या जूनमध्ये, ती आठ वर्षांची असताना, तिची आई नलिनी घरातून निघून जाते. आधी महिनाभर तिचं दुसरं बाळ नवव्या दिवशी गेलेलं असतं. त्या धक्क्यानंतर ती आजारी पडते आणि तिच्या मनात बसतं, की आपण हात लावू ते मूल जगत नाही. २४ जूनला ती पालखीच्या गर्दीतून चालत सुटते, सासवडला भावाला सापडते आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात दाखल होते. पुढे ती भावाकडे मिरजेला राहते आणि परत येत नाही. आजी तिची पत्रं लपवून ठेवते. २०१९ मध्ये आजीच्या ट्रंकेत रेवतीला शेवटचं पत्र मिळतं (पान २८१), तिला सगळं कळतं, ती मिरजेला जाते आणि आईला मिठी मारते. आमच्या वाचनगटात दोघांनी खर्डा वाचला. एक म्हणाली, "आई पटतच नाही." दुसरे म्हणाले, "आई इतकी बिचारी आहे की तिच्याबद्दल काही वाटेनासं होतं." आईचं कारण सहानुभूती वाटावी असंच हवं आहे, पण रेवतीचं दुःख खोटं पडायला नको. काय करू? आजाराऐवजी दुसरं कारण घेतलं तर सोपं जाईल का?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या दोन्ही वाचकांना एकच गोष्ट खटकली आहे, फक्त दोघांनी ती दोन टोकांनी पकडली. नलिनी घरातून का गेली, याचं उत्तर तुम्ही मेहनतीनं तयार केलं आहे आणि ते चांगलं आहे. पण जाणं एका दिवसाचं असतं. न येणं तेवीस वर्षांचं आहे, आणि त्या तेवीस वर्षांचं उत्तर खर्ड्यात नाही. १९९६ चं कारण तुम्ही २०१९ पर्यंत ताणलं आहे. म्हणून एका वाचकाला ते पुरत नाही आणि दुसऱ्याला आई कायमची असहाय वाटते.

मूल सोडून गेलेल्या आईबापांच्या गोष्टींत हा दोष सर्रास आढळतो. सोडण्याचं कारण एका क्षणाचं असतं: आजार, पोलीस, कर्ज, मारहाण, बदनामी. त्या क्षणाला वाचक मान्यता देतो. नंतर आजार बरा होतो, खटला संपतो, कर्ज फिटतं, आणि तरी पात्र परत येत नाही. तिथून वाचक मनातल्या मनात हिशेब मांडू लागतो. लेखकाकडे त्या हिशेबाची वही नसेल, तर वाचक स्वतः निकाल देतो आणि तो सहसा आईच्या विरुद्ध जातो.

आधी आजाराचं पाहू, कारण तुमची मांडणी त्यावर उभी आहे. तुम्ही रंगवलेली लक्षणं बाळंतपणानंतरच्या तीव्र मनोविकाराशी जुळतात: झोप उडणं, गोंधळ, क्षणात वेगळं बोलणं, बाळाविषयी भलतीच खात्री बसणं. हा विकार दर हजार बाळंतपणांमागे साधारण एक-दोन स्त्रियांना होतो आणि बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतो. बाळ नवव्या दिवशी जातं, त्याच सुमाराला आजार डोकं वर काढतो. त्यामुळे घरच्यांना तो आजार न वाटता दुःख वाटणं अगदी शक्य आहे. "बाळ गेलंय, रडू दे तिला," असं म्हणत महिनाभर कुणी डॉक्टर गाठत नाही, हे पटतं. ते तसंच ठेवा. पण त्याच आजाराची दुसरी बाजू तुमच्या खर्ड्याला महागात पडते. औषधोपचार मिळाले तर बहुतेक बायका काही आठवड्यांत ते काही महिन्यांत बऱ्या होतात. म्हणजे १९९७ उजाडताना नलिनी बरीचशी सावरलेली असण्याची शक्यता जास्त. "हात लावला की मूल मरतं" ही खात्री तोवर उतरलेली असेल, आणि आपण असं मानत होतो याची लाज तिच्या जागी आलेली असेल. तुमच्या शेवटच्या पत्रात मात्र ती २०११ सालीही त्याच खात्रीनं बोलते. तिथे वाचकाचा विश्वास सुटतो.

कायद्यानंही तिला येरवड्यात वर्षानुवर्षं ठेवता येत नव्हतं. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १ एप्रिल १९९३ पासून लागू होता. त्यात नातेवाइकाच्या अर्जावर, दोन डॉक्टरांच्या दाखल्यांसह, जास्तीत जास्त नव्वद दिवस दाखल करता येई. त्यापुढे ठेवायचं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागे. भावानं जुलैत दाखल केलं तर ऑक्टोबरमध्ये काहीतरी ठरवावंच लागतं: घरी न्यायचं, की कोर्टात जायचं? खर्ड्यात ते दोन वर्षांचं मोघम "उपचार चालू होते" आहे. त्या जागी हा ऑक्टोबर आणा. कादंबरीतला सर्वांत मोठा प्रसंग तिथे दडलेला आहे. नलिनी बाहेर पडते त्या दिवशी दाराशी कोण उभं आहे? भाऊ आला, नवरा आला नाही, एवढ्या एका गोष्टीतून पुढची तीन वर्षं निघू शकतात.

आता कामाला लागायचं ते असं. एक वही घ्या आणि १९९६ ते २०१९ अशा चोवीस ओळी आखा. प्रत्येक वर्षापुढे चार गोष्टी लिहा: नलिनी कुठे आहे, तिला रेवतीबद्दल काय माहीत आहे, त्या वर्षी परत येण्यात आडवं काय आलं, आणि तिनं काय केलं. चौथा रकाना सलग तीन वर्षं रिकामा राहिला तर थांबा, तिथे काहीतरी घडायला हवं आहे. यातलं फार थोडं कादंबरीत येईल. पण वही भरलेली असेल तर नलिनीच्या साध्या वाक्यांनाही वजन येतं.

नमुन्यादाखल काही ओळी आम्ही भरून दाखवतो, तुम्ही त्या हव्या तशा बदला. १९९७: नलिनी मिरजेहून एकटी येते आणि शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभी राहते. औषधांमुळे तिचे हात थरथरतात, चेहरा ताठलेला असतो, कारण त्या काळी सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळ्यांनी असं होई. रेवती तिला पाहते, घाबरते आणि मैत्रिणीच्या मागे लपते. नलिनी ते पाहून परत जाते. या एका ओळीत तिला पुढे न येण्याचं एक खरं, मानवी कारण मिळतं, आणि रेवतीच्या वाट्यालाही एक आठवण येते जी तिनं कुणाला सांगितलेली नाही. १९९८–९९: नवरा घटस्फोटाचा अर्ज करतो. हिंदू विवाह कायद्यात दोन वर्षं सलग सोडून जाणं हे कारण आहे, गंभीर मनोविकार हेही आहे. कोणतंही घ्या, समन्स मिरजेच्या पत्त्यावर जाईल. म्हणजे नलिनीला कळलेलं आहे. ती कोर्टात का गेली नाही? भावानं नको म्हटलं? "वेडी ठरवतील आणि मुलीच्या नावाला चिकटेल" या भीतीनं तिनं सही करून टाकली? हा निर्णय तिचा आहे, तो तिच्याकडून काढून घेऊ नका. २००४: रेवतीची दहावी. नलिनीला निकाल कळला का, कुणाकडून? २०१२: भाच्यानं फेसबुकवर रेवतीचा फोटो दाखवला. इथून पुढे "पत्ता नव्हता, मार्ग नव्हता" हे कारण संपतं. खर्ड्यात २०१२ नंतरही नलिनीला मुलीचा ठावठिकाणा माहीत नाही. आजच्या वाचकाला ते पटणार नाही.

अंतराचंही तसंच. पुणे ते मिरज रेल्वेनं पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. रात्री बसलं की सकाळी पोहोचतं. इतकं जवळचं गाव निवडलंत हे उत्तम, कारण जवळच्या गावाहून न येणं जास्त बोचतं. पण मग अंतराचा आडोसा घेता येत नाही. खर्ड्यात पान २८४ वर नलिनी "इतक्या लांबून कशी येणार होते" म्हणते, ते वाक्य काढा. किंवा ठेवा आणि रेवतीला त्यावर एका वाक्यात उत्तर देऊ द्या.

वही भरताना एक गोष्ट आपोआप दिसेल. सुरुवातीच्या वर्षांत नलिनीला येऊ दिलं जात नाही. मग काही वर्षं तिला धीर होत नाही. त्यानंतर ती येऊ शकली असती आणि आली नाही, कारण इतक्या उशिरा कोणत्या तोंडानं जायचं. हा तिसरा टप्पा सर्वांत लांब आहे आणि खर्ड्यात तो नाहीच. सहानुभूती त्या टप्प्याला मिळणं अवघड म्हणून तुम्ही तो गाळला असावा. पण आई माणूस वाटू लागते ती तिथेच. आमचं ठाम मत आहे, की रुपयातले बारा आणे परिस्थितीच्या खात्यावर टाका आणि चार आणे नलिनीच्या नावावर राहू द्या. त्या चार आण्यांचा खुलासा कुणी करू नये, तिनंही नाही. सोळा आणे परिस्थितीवर टाकले की तुमच्या दुसऱ्या वाचकाला वाटलं तसं होतं: बिचारी, आणि पुढे काही नाही.

आता आजी आणि ट्रंक. लपवलेली पत्रं ही सोय आहे. दोष एका म्हातारीवर ढकलला की आई, बाप आणि मुलगी तिघंही सुटतात. शिवाय व्यवहारात ती टिकत नाही. वाड्यात पोस्टमन येतो तेव्हा चौकात जो असेल त्याच्या हातात टपाल पडतं. बिऱ्हाडकरू, समोरच्या काकू, सुटीच्या दिवशी स्वतः रेवती. आजी पंधरा वर्षं प्रत्येक पत्र अडवू शकेल का? आणि उत्तर येत नाही म्हटल्यावर नलिनी तशीच लिहीत राहील का? दोन-तीन पत्रांनंतर कुणीही दुसरा मार्ग शोधतं, मैत्रिणीच्या पत्त्यावर लिहितं, एसटीडी बूथवरून शेजाऱ्यांकडे फोन करतं.

आमची सुचवण अशी. आजीनं पहिली दोन वर्षं पत्रं अडवली असू देत. आणि तिलाही तिचं कारण द्या, ते तुमच्याच समाजात तयार आहे: "घराण्यात वेड आहे" असा बोभाटा झाला तर पुढे रेवतीला स्थळ मिळायचं नाही. ही भीती १९९६ च्या पुण्यात अगदी खरी होती, आणि आजी क्रूर न होताही तिच्यापायी क्रूर वागू शकते. पण रेवती बारा वर्षांची झाली, तेव्हा आजीनं एक पत्र तिच्या हातात ठेवलं आणि रेवतीनं ते न उघडता फाडलं. ट्रंकेपेक्षा हे कितीतरी जास्त काम करतं. रेवतीला तिच्या नात्यात एक कृती मिळते. तिचा राग पुढची एकोणीस वर्षं का धगधगत राहिला याचं उत्तरही मिळतं: त्यात स्वतःवरचा राग मिसळलेला आहे. आणि सत्य कळल्यावर तिला फक्त आईला समजून घ्यायचं उरत नाही.

गौप्यस्फोटाची जागाही बदला. तीनशेपैकी २८१ व्या पानावर सगळं एकदम सांगितलं, की मागची २८० पानं वाचकापासून लपवालपवी करण्यात जातात आणि पुढच्या एकोणीस पानांत आयुष्यभराचं नातं उरकावं लागतं. आई आजारी होती आणि ती जिवंत आहे, हे शंभराव्या पानाच्या आसपास वाचकाला आणि रेवतीला कळू द्या. तिथून प्रश्न "काय झालं होतं" याऐवजी "मग आली का नाही" असा होतो. त्याचं उत्तर तुकड्यातुकड्यानं दोनशेव्या पानापर्यंत द्या. उरलेली शंभर पानं दोघींना समोरासमोर ठेवा. तुमचे संवाद तुमच्या वर्णनापेक्षा सरस आहेत. दोघींना एकत्र फक्त सात पानं देऊन तुम्ही स्वतःच्याच बलस्थानावर पाणी सोडलं आहे.

सुरुवातीच्या साठ पानांत तीन खुणा पेराव्यात. प्रत्येक खूण पहिल्या वाचनात साधी वाटावी आणि दुसऱ्या वाचनात वेगळी. तुमच्या खर्ड्यात एक खूण आहेच, तुम्हाला तिची किंमत कळलेली नाही. पान १४ वर रेवतीला आठवतं, की शेवटच्या दिवसांत आईनं तिची वेणी घालणं बंद केलं होतं आणि ते काम आत्याकडे आलं. रेवती मानते, आई आपल्यावर रागावली होती. खरं कारण हे, की नलिनीला आपल्या स्पर्शाची भीती बसली होती. तेच टाळणं, आधी झिडकारल्यासारखं आणि मग जिवापाड जपल्यासारखं. हा धागा पान १४ वर सोडून दिला आहे. तो शंभराव्या पानापर्यंत दोनदा वर यायला हवा, पण एकदाही त्याचा अर्थ सांगू नका. दुसरी खूण झोपेची: पहाटे तीनला आई चौक झाडते आहे. तिसरी रेशनकार्डाची, त्यावरून नाव कमी केलेलं. रेवतीला वाटतं, मेलेल्या माणसांचंच नाव कमी करतात.

आणि पुण्यानं तुम्हाला आयती दिलेली एक गोष्ट तुम्ही वापरलीच नाहीत. येरवड्यात मनोरुग्णालय आहे आणि तुरुंगही. आठ वर्षांच्या मुलीनं दाराआडून "नलू येरवड्याला आहे" एवढंच ऐकलं तर ती काय समजेल? वाड्यातली मोठी माणसं एक अर्थ घेतील, मूल दुसरा. रेवतीनं दोन-तीन वर्षं मनात धरलं, की आई तुरुंगात आहे आणि बाळाला तिनंच काहीतरी केलं. या गैरसमजावर अख्खं एक प्रकरण उभं राहील, आणि फाटकाशी आलेल्या आईला पाहून ती का लपली याचं कारणही त्यातून मिळेल.

मुलाच्या नजरेतून लिहिताना "पोकळी", "एकटेपण" असले शब्द टाळा. आठ वर्षांच्या मुलीला आई नसल्याचं कामांतून कळतं. डब्यात सलग चार दिवस बिस्किटं. डायरीवर सही कोण करणार? बाबांना वेणी येत नाही म्हणून श्रावण यायच्या आत केस कापले जातात. शाळेच्या फॉर्मवर आईचं नाव लिहायच्या जागी बाबांचं पेन थांबतं. पानभर व्याकूळ होण्यापेक्षा अशी एक ओळ जास्त लागते.

परंपरेतल्या दोन-तीन गोष्टी इथे उपयोगाच्या आहेत, आणि त्या तुमच्या वाचकाच्या मनात आधीपासून आहेत. आळंदीची घ्या. संन्यास घेतलेले विठ्ठलपंत गुरूच्या आज्ञेवरून पुन्हा संसारात आले, चार मुलं झाली, समाजानं वाळीत टाकलं. मुलांचा मार्ग मोकळा व्हावा म्हणून विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, अशी कथा परंपरेनं सांगितली आहे. यापेक्षा थोर कारण कोणतं? पण कथा तिथे थांबत नाही. आईबाप गेल्यावरही मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावंच लागलं. त्यागानं काम आपोआप झालं नाही. तुमच्या खर्ड्यात उलट घडतं: नलिनी गेली म्हणून रेवती वाचली, शिकली, सुखी झाली, म्हणजे नलिनीचा हिशेब बरोबर ठरला. तो थोडा तरी चुकवा. ती गेल्यानं रेवतीचं काय नुकसान झालं, जे ती थांबली असती तर झालं नसतं, हे एका ठळक घटनेत दाखवा. कारण खरं असूनही निर्णय चुकीचा असू शकतो. ही शक्यता उघडी राहिली तर रेवतीचं दुःख खोटं पडत नाही.

भेटीच्या प्रसंगासाठी कुंती आणि कर्ण पाहा. कुंतीचं कारण सगळ्यांना पटतं: कुमारी वय, मंत्राची परीक्षा, लोकापवादाची भीती. तरीही युद्धाच्या तोंडावर ती कर्णाकडे येते तेव्हा काहीतरी मागायला येते, आणि त्या वेळेचा रंग तिच्या कारणावर चढतो. कर्ण पक्ष बदलत नाही, मागचं विसरत नाही. पण अर्जुन सोडून इतर चौघांना मारणार नाही, तुझे पाच पुत्र पाचच राहतील, एवढं देतो. क्षमेचा शब्द न उच्चारता त्यानं काहीतरी दिलं. तुमच्या पान २९६ वरच्या मिठीत दिलं असं काहीच नाही, फक्त निपटारा आहे. पत्र वाचून दुसऱ्या दिवशी मिठी, इतक्या वेगानं तेवीस वर्षं उतरत नाहीत.

रेवती मिरजेला जाते कशासाठी, हेही ठरवा. "सत्य कळलं म्हणून" हे पुरेसं नाही. बौद्ध परंपरेत राहुल प्रथमच वडिलांसमोर येतो तेव्हा "मला का सोडलंत" असं विचारत नाही, आईनं शिकवल्याप्रमाणे वारसा मागतो. मुलं येतात ती बहुधा एखादी ठोस गोष्ट मागायला, आणि मोठा प्रश्न त्या लहान मागणीच्या आड उभा असतो. तुमच्या कथेत ती मागणी तयार आहे. २०१९ मध्ये रेवती एकतीस वर्षांची आहे. तिला दिवस गेले आहेत असं करा. पहिल्याच तपासणीत डॉक्टर विचारतात, "आईला बाळंतपणानंतर काही त्रास झाला होता का?" प्रश्न साधाच, पण रेवतीकडे उत्तर नाही. आई किंवा बहिणीला हा विकार झाला असेल तर धोका वाढतो. आधी माहीत असेल तर डॉक्टर लक्ष ठेवतात, झोपेची काळजी घेतात, मनोविकारतज्ज्ञाला आधीच सोबत घेतात. म्हणजे रेवतीला आईची क्षमायाचना नकोच आहे, तिला तारखा हव्या आहेत: झोप कधी उडाली, कोणत्या गोळ्या दिल्या, किती दिवसांत उतार पडला. मिरजेच्या स्वयंपाकघरात या दोघी एवढंच बोलतील आणि त्यात सगळं येईल. नलिनीनं पहिल्यांदाच आपला आजार कुणाला तरी उपयोगी पडताना पाहिला, तर तिला काय वाटतं हे तुम्हाला लिहावंही लागणार नाही.

याच ओघात: खर्ड्यात मनोरुग्णालयातला कारकून रेवतीला जुनी फाइल काढून देतो. तसं होणार नाही. २०१८ पासून लागू झालेल्या २०१७ च्या कायद्यानं रुग्णाच्या माहितीची गोपनीयता सांगितली आहे. आपली कागदपत्रं मागण्याचा हक्क खुद्द नलिनीचा आहे. रेवतीला तिच्याकडेच जावं लागेल, आणि कथेला हेच हवं आहे. तारखेची एक चूकही दुरुस्त करा. १९९६ साली आषाढ अधिक आला होता, त्यामुळे आषाढी एकादशी जुलैच्या अखेरीस पडली आणि पालखी पुण्यात जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आली. २४ जूनला लक्ष्मी रस्त्यावर पालखीची गर्दी नव्हती. नलिनीचं जाणं जुलैत न्या. सासवडचा मुक्काम मात्र बरोबर आहे, ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाटातून तिकडेच जाते.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलं आहे, की आजाराऐवजी दुसरं कारण घेतलं तर सोपं जाईल का. सोपं जाणार नाही, प्रत्येक कारणाची स्वतःची मुदत असते. आणीबाणीत मिसाखाली, म्हणजे विनाखटला स्थानबद्धतेच्या कायद्याखाली, डांबलेला बाप २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ या काळापुरता गैरहजर असतो, पुढच्या दहा वर्षांसाठी वेगळं काहीतरी लागेल. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात नोकरी गेलेला बाप गावी तोंड दाखवत नाही, हे खरं वाटतं, पण मनीऑर्डर थांबल्यावर घरचे मुंबईला त्याच्या खोलीवर चौकशीला जातातच. मारहाणीमुळे निघालेली आई मुलाला बरोबर का नेत नाही, हा प्रश्न पहिल्या पानापासून उभा असतो. १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्यानुसार पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असावा, पण आठ वर्षांच्या मुलीला ते संरक्षण नव्हतं, आणि अशा कथेत हा फरक कळीचा ठरतो. सर्वांत अवघड कारण एखाद्या ध्येयासाठी किंवा कलेसाठी गेलेल्या आईबापाचं, कारण तिथे सक्ती कुणाचीच नसते. तुमचं कारण यांपेक्षा कमी वापरलं गेलेलं आहे आणि तुम्ही त्याचा अभ्यास केला आहे. ते बदलू नका.

आजार आहे म्हणून एक काळजी घ्या. नलिनी धोकादायक आहे, असा भास कथेला गती देण्यासाठी निर्माण करू नका. पान ४० वरचा विळीचा प्रसंग फक्त घाबरवण्यासाठी आहे, त्यातून पुढे काही निघत नाही. तो गेला तर कथेचं काहीच अडणार नाही.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी वही. मग ऑक्टोबर १९९६, शाळेचं फाटक आणि फाडलेलं पत्र हे तीन नवे प्रसंग स्वतंत्र लिहून काढा, खर्ड्यात घालायची घाई नको. त्यानंतर मिरजेची भेट नव्यानं लिहा, जुनी समोर न ठेवता. ट्रंकेतलं पत्र सगळ्यात शेवटी हाती घ्या. सध्या ते साडेचार पानांचं आहे. बाकी सगळं जागेवर आलं, की त्यातलं बहुतेक आधीच सांगून झालेलं असेल. अर्ध्या पानापेक्षा जास्त उरलं तर आधीच्या प्रसंगांत काहीतरी राहून गेलं आहे असं समजा. हे झाल्यावर आजाराची चार प्रकरणं एखाद्या मनोविकारतज्ज्ञाला वाचायला द्या. सगळी कादंबरी देऊ नका, आणि "कसं वाटलं" असंही विचारू नका. नेमके प्रश्न सोबत लिहून द्या: लक्षणांचा क्रम बरोबर आहे का, १९९६ मध्ये कोणती औषधं दिली गेली असती, किती आठवड्यांत ती घरी जाण्याजोगी झाली असती, आणि आज रेवतीच्या डॉक्टरांनी काय काय विचारलं असतं.